जुनी पत्रे आणि पूर्वजांचा शोध : बोथच्या सीमेवरून एक विचार

एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची मोठी यादी आहे. उपासनेत ती क्वचितच वाचली जाते, आणि वाचली तरी नावांच्या त्या अरण्यात श्रोत्यांचे मन रमत नाही. पण यादीच्या शेवटी एक हृदयद्रावक नोंद येते. आपण इस्राएलाच्या वंशातील आहो, एवढेही काहींना सिद्ध करता आले नाही. याजकांच्या काही घराण्यांनी आपली वंशावळ शोधली, परंतु ती सापडली नाही, म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले. त्यांच्यातील एक घराणे बर्जिल्ल्याचे होते. त्यांच्या मूळ पुरुषाने गिलादी बर्जिल्ल्याच्या कन्येशी विवाह करून सासऱ्याचेच नाव घेतले होते. कागद हरवला आणि नाव बदलले, या दोन कारणांनी एका घराण्याची ओळखच संशयात पडली.

मराठी ख्रिस्ती मंडळीतील किती कुटुंबे आज त्या बर्जिल्ल्याच्या वंशजांच्या जागी उभी आहेत, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आपले आजोबा-पणजोबा कोण, ते कोठून आले, त्यांनी नाव केव्हा बदलले, असे प्रश्न आता तरुण पिढी विचारू लागली आहे, आणि ती प्रथम आपल्या पाळकाकडेच येते. तिला उत्तर देण्याची आपली कितपत तयारी आहे? या प्रश्नाचा विचार येथे एका सीमावर्ती तालुक्याच्या निमित्ताने करावयाचा आहे.

१. सीमा सरकली, माणसे तेथेच राहिली

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे गाव आज तेलंगणात आहे. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा तेथील बाजारात कानी पडतात. पूर्वी हे तालुक्याचे ठिकाण होते आणि तो तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होताना आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर महसूल मंडळ एवढा भाग मुंबई राज्याकडे गेला. किनवट व इस्लापूर नांदेड जिल्ह्यास जोडले गेले. उलट नांदेडमधील मुधोळ तालुका, धर्माबादचा भाग वगळून, आदिलाबादकडे आला. उरलेले बोथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे.

याचा परिणाम वंशशोधावर कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. इस्लापूरकडील एखाद्या गावात राहणारी बहीण आणि बोथमध्ये राहणारा भाऊ १९५६ पूर्वी एकाच तालुक्याचे रहिवासी होते. त्यानंतर दोघांचे जमिनीचे कागद दोन राज्यांत गेले. बहिणीची नातवंडे मराठी शाळेत शिकली, भावाची बहुधा तेलुगू शाळेत. तिसऱ्या पिढीपर्यंत आजोबांचे मराठी पत्र घरातील कोणासही वाचता येत नाही अशी अवस्था होते. पेटीत पत्र आहे, पण त्यास वाचक नाही.

मंडळीच्या दप्तरांचेही असेच झाले. हैदराबाद संस्थानातील वेस्लियन मिशनचे कार्य २७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिण भारत मंडळीत सामील झाले, आणि आदिलाबादकडील त्या परंपरेची सूत्रे मेदक धर्मप्रांताकडे आली. महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनच्या व इतर काही मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारत मंडळीत आल्या. मेथॉडिस्ट मंडळी या ऐक्यात आली नाही. म्हणून एकाच कुळातील एकाचा बाप्तिस्मा एका मंडळीच्या वहीत, दुसऱ्याचा विवाह दुसरीच्या वहीत आणि तिसऱ्याची मूठमाती तिसरीच्या वहीत नोंदलेली असू शकते.

२. पत्र हाती आले म्हणजे वाचता आले असे नव्हे

सीमाभागातील जुन्या मराठी कुटुंबात जी पत्रे मिळतात, त्यांतील बरीचशी मोडी लिपीत असतात. मोडी ही हात न उचलता भरभर लिहिण्याची लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली अक्षरे लोंबवीत जावयाचे, अशी तिची रीत. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि शब्दांत अंतरही बहुधा नसते. त्यामुळे विशेषनाम वाचताना घाई केली तर एका पूर्वजाचे दोन पूर्वज होतात. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. आज ती वाचणारी माणसे थोडी आहेत, तथापि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी मोडी वाचनाची परंपरा टिकवली आहे. १९१० साली हे मंडळ स्थापन करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतील दप्तरे सोडवीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो अशाच जुन्या पत्रांचा होता. राजांच्या लढाया ज्या कागदांवरून कळल्या, तशाच कागदांवरून आपल्या आजोबांची शेती, कर्ज, आजार आणि सोयरिकी कळतात.

दुसरी अडचण काळाची. कौटुंबिक पत्रात पुष्कळदा नुसती तिथी असते. शक असल्यास चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवून इसवी सन काढावा. निजामाच्या मुलखातील सरकारी कागदांवर मात्र फसली सन असे. तेथील फसली वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी, सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हे ध्यानात न घेतल्यास नातवाचा जन्म आजोबांच्या लग्नाआधी झाल्याचे निष्पन्न होते!

पाकीटही टाकून देऊ नये. संस्थानाचे स्वतःचे टपालखाते होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे होती. १८७१ च्या तिकिटांवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरेही आहेत. संस्थानाबाहेर जाणारे पत्र ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालाने जाई. तेव्हा आत पत्ता नसला तरी तिकीट व शिक्का यांवरून पत्र कोठून निघाले याचा अंदाज बांधता येतो.

३. एक घर, दोन भाऊ

ख्रिस्ती कुटुंबाच्या वंशशोधात एक आणखी कठीण जागा येते. ती म्हणजे बाप्तिस्म्यापाशी तुटलेला धागा. याचे मराठीतील पहिले गाजलेले उदाहरण शेषाद्री बंधूंचे. परळीकर घराण्यातील नारायण शेषाद्री हा तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा अवघा बारा वर्षांच्या आसपास होता आणि तोही मिशनरींच्या घरी राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान असल्याने त्यास पित्याच्या हवाली करण्याचा निर्णय झाला. मग प्रश्न उभा राहिला की मिशनरींच्या घरी राहिलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे किंवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास परत घ्यावे असा पक्ष उचलला, आणि त्यापायी त्यांना स्वतःस विरोध व निंदा सोसावी लागली.

एका बापाचे दोन पुत्र दोन वाटांनी गेले. नारायण शेषाद्री पुढे दीक्षित पाळक झाले, निजामाच्या मुलखातील जालना येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली, जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली आणि १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित राहिले. मंडळीच्या इतिहासात आपण या गोष्टी अभिमानाने सांगतो. पण त्या घराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आईबापांच्या बाजूने हा इतिहास आपण किती वेळा सांगितला आहे? वंशावळीचा प्रामाणिक शोध घेणाऱ्यास दोन्ही बाजूंचे दुःख वाचावे लागते. जो धागा तुटला तो एकाच बाजूने तुटला नव्हता.

या प्रकरणातून शोधकाने एक व्यावहारिक धडाही घ्यावा. ‘शेषाद्री’ हे पित्याचे नाव. जगाने मात्र ते आडनाव म्हणून ओळखले. बाबा पदमनजी यांच्या नावातील ‘पदमनजी’ हेही पित्याचेच नाव. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नहेम्या झाले, पण त्यांनी गोरे हे आडनाव सोडले नाही. म्हणून एका पिढीत आडनाव, दुसऱ्या पिढीत बापाचे नाव, तिसऱ्या पिढीत शास्त्रातील नाव असा प्रकार दिसला तर गोंधळून जाऊ नये. बर्जिल्ल्याचे घराणे आठवावे.

४. ‘आजीबाई’ कोण होत्या?

मराठी ख्रिस्ती जीवनाचा पत्ररूप इतिहास म्हणून ज्याची गणना प्रथम करावी असा संग्रह पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहाराचा आहे. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या सिस्टर जेराल्डिन यांनी ही पत्रे जपली व त्यांची संगती लावली. अ. भि. शहा यांनी संपादिलेला तो इंग्रजी ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या मृत्यूला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या पत्रांत जे वाचावयास मिळते, ते चरित्रांच्या गुळगुळीत पानांत आढळत नाही. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपल्या संस्कृताने काय अपराध केला आहे, असे त्या विचारतात. चेल्टनहॅम येथे असताना पुरुषांना शिकविण्याची परवानगी त्यांना असावी की नाही यावर बिशपांनी मत दिले, तेव्हा त्या आपला विवेक कोणाच्या हाती देण्यास तयार होत नाहीत. मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून आईचा अधिकार कोठपर्यंत, असा वाद होतो. आणि या वादांच्या मधून मधून प्रेमाचा, आजारपणाची चौकशी करणारा, लेकीची खबर देणारा मजकूर वाहत असतो.

या पत्रांत सिस्टर जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हटलेले आहे. शोधकास हा शब्द एखाद्या सुट्या, अनामिक पत्रात सापडला असता तर त्याने वंशवृक्षात एक आजी खुशाल जोडली असती! मराठी पत्रातील ‘काका’, ‘मावशी’, ‘दादा’, ‘चिरंजीव’ हे शब्द नेहमीच रक्ताचे नाते सांगत नाहीत. मिशनच्या आवारात तर मॅट्रनबाई मावशी होत आणि पाळकबुवांना सारेच ‘पपा’ म्हणत. नात्याचा शब्द हा पुरावा नव्हे, तो शोधाचा आरंभ होय. पण याचीच दुसरी बाजू आपल्यास, सुवार्तेच्या सेवकांस, विशेष प्रिय वाटावी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत गेली, आणि भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. ज्या स्त्रीचे माहेर पृथ्वीवर उरले नव्हते तिने ‘आजीबाई’ हा शब्द लिहून एक नाते निर्माण केले, आणि मतभेदांच्या वादळातही ते मोडले नाही. वंशवृक्षात या नात्याला जागा नाही. मंडळीच्या जीवनात मात्र आहे.

डोंगरे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडले, त्यांच्याजवळ पत्रांची पेटी नव्हती. त्या कुटुंबाविषयी आज आपल्याला जे कळते त्यातील फार मोठा भाग रमाबाईंनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवला म्हणून कळते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, त्यांच्या मुळाशीही मुलाने वडिलांविषयी माहिती विचारणे हेच होते. नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाल्यावर पती-पत्नी काही काळ वेगळी राहिली. त्या दुराव्याची कथा आईने न सांगती तर दप्तरात एका ओळीची नोंद एवढीच उरती. लेकराने विचारावे आणि वृद्धाने लिहावे, यासारखे साधन नाही.

५. ज्यांच्या घरी पत्र कधी आलेच नाही

येथवर ज्यांची नावे आली ती बहुतेक लिहित्या घराण्यांतील माणसे होती. पण मराठी मंडळीचा मोठा भाग महार, मांग आणि इतर श्रमजीवी समाजांतून आला. कुलवृत्तान्त छापणे हे लिहित्या जातींचे वैभव. ज्यांना अक्षरच नाकारले गेले त्यांची वंशावळ कोण लिहिणार? अशा कुटुंबाच्या बाबतीत मंडळीची बाप्तिस्म्याची वही ही पुष्कळदा पहिली लिखित ओळ असते. त्या ओळीत त्यांची नोंद वेठीचा वा वतनाचा चाकर म्हणून होत नाही. तेथे पूर्ण नाव, पित्याचे नाव आणि तारीख असते. हे केवढे ऋण आहे, आणि केवढी जबाबदारीही! ज्या पाळकाच्या हयगयीने ती वही वाळवीने खाल्ली त्याने कोणाच्या तरी पूर्वजांना दुसऱ्यांदा मूठमाती दिली असे समजावे.

लेखनाबाहेरही स्मृती असते, हे बोथच्या परिसरात तरी विसरता येत नाही. आदिलाबादच्या गोंडांत घराण्यांच्या उत्पत्तीच्या कथा परधान गातात, तंतुवाद्याच्या साथीने. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकात या भागात राहून त्या परंपरेचा अभ्यास केला, आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. नवलाची गोष्ट ही की येथील परधानांची घरची भाषा मराठी, पण यजमानांचा इतिहास ते गोंडीत गातात. दुसऱ्याच्या पूर्वजांची स्मृती त्याच्या भाषेत जपणे हा त्यांचा कुलधर्म. पाळकाच्या सेवेतही याचा काही अंश असावयास नको काय?

६. दोन इशारे

पहिला इशारा प्रेषित पौलाचा. अनंत वंशावळ्यांकडे लक्ष देऊ नये, असे तो तीमथ्यास बजावतो, आणि तीतासही तेच सांगतो. वंशाचा अभिमान हे आपल्या देशातील जुने दुखणे आहे. पूर्वज शोधता शोधता ‘आमचे घराणे मूळचे उच्च’ असे सिद्ध करण्याची हौस ख्रिस्ती घरांतही डोके वर काढते. ज्याला असे काही सिद्ध करावयाचे असते त्याला तसे पत्र सापडतेच! मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना वगळले नाही. घराण्याची लाज वाटावी अशी पाने त्याने फाडली नाहीत. वंशावळ कशी लिहावी याचा हाच आदर्श आपल्यापुढे आहे.

दुसरा इशारा जिवंत माणसांविषयीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र नाही. त्यामुळे कित्येक घरांत मंडळीतील नाव एक आणि सरकारी कागदावरचे दुसरे, अशी स्थिती आली. याचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय आहे. पण हौशी शोधकाने आजोबांचे पत्र व बाप्तिस्म्याची नोंद चारचौघांत मांडली तर एखाद्या नातवाची नोकरी वा प्रतिष्ठा धोक्यात येऊ शकते, हे पाळकाने जाणले पाहिजे. दत्तक, परित्याग, दुसरा विवाह, कर्ज, व्यसन अशा गोष्टीही जुन्या पत्रांत येतात. सिस्टर जेराल्डिन यांनी जपलेली पत्रे मनोरमा आणि रमाबाई या दोघी गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी छापली गेली. सत्य दडवू नये, परंतु त्याला त्याची वेळ येऊ द्यावी.

७. आपण काय करू शकतो

उपदेशक व पाळक बंधुभगिनींना काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मंडळीच्या जुन्या वह्या कोरड्या जागी ठेवून त्यांची प्रत वा छायाचित्रे करून घ्यावी. मूळ वही कोणासही घरी नेऊ देऊ नये. वृद्ध सभासदांच्या भेटीस जाताना प्रार्थनेनंतर अर्धा तास अधिक बसून त्यांच्या आजीआजोबांची नावे, गावे व सोयरिकी लिहून घ्याव्या, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख खाली घालावी. पत्रे सापडल्यास त्यांना चिकटपट्टी लावू नये, घड्या उलट्या मोडू नयेत, पाकिटे वेगळी करू नयेत. मृत्युलेखांसाठी १८४२ पासून निघू लागलेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक पाहावे. मिशनच्या कागदांचा शोध लागल्यास अमेरिकन बोर्डाची दप्तरे हार्वर्ड विद्यापीठात, वेस्लियन मिशनची लंडनमध्ये आणि स्कॉटिश मिशनची एडिंबरो येथे आहेत, हे सांगता यावे. आणि बोथसारख्या ठिकाणी मराठी न वाचू शकणाऱ्या नातवास त्याच्या आजोबांचे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे. ही देखील पाळकीय सेवाच होय.

एज्राच्या त्या यादीत ज्यांची वंशावळ सापडली नाही त्यांना लोकांतून हाकलले गेले नाही. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांना थांबावे लागले. इब्रीकरांस पत्र लिहिणारा आपल्या महायाजकाविषयी जे सांगतो ते ज्याने वाचले आहे, त्याला हे थांबणे संपल्याचे ठाऊक आहे. म्हणून आपण पूर्वज शोधतो ते देवाच्या घरी प्रवेश मिळावा म्हणून नव्हे. तो प्रवेश कृपेने मिळालेला आहे. ज्यांच्या श्रमांवर, अश्रूंवर आणि कधी कधी ज्यांच्या तुटलेल्या नात्यांवर आपला विश्वास उभा आहे, त्यांची नावे उपकारस्तुतीत घेता यावीत एवढ्यासाठी आपण ते शोधतो. लोईस व युनीके यांची नावे पौलाने एका पत्रात लिहिली म्हणून आपल्याला तीमथ्याची आजी आणि आई ठाऊक आहेत. आपल्या मंडळीतील किती लोईस अजून कोणा पेटीच्या तळाशी, मोडीच्या एका ओळीत, वाट पाहत असतील?